सनोबर, सरो आणि सुरू

आपल्या घरांत मुलीचं नाव 'सनोबर' हौसेनं ठेवतात. झाड मात्र फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. नववीच्या वर्गात याच नावाच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सनोबर म्हणजे कोणतं झाड?" मी म्हटलं, "पाइन. कोकणात समुद्रावर सुरू असतो ना, तोच प्रकार." घरी येऊन पुस्तक उघडलं, तेव्हा कळलं की मी चुकीचं सांगितलं.

घोटाळा शब्दाचा आहे. फारसीतला 'सर्व' उर्दूत 'सरो' झाला. तो खरा सूचिपर्णी, म्हणजे सायप्रस. मराठीत तेच नाव 'सुरू' होऊन किनाऱ्यावरच्या कॅश्युरिनाला चिकटलं. त्याच्या सुया पानं नव्हेत, सांध्यासांध्यांच्या हिरव्या काड्या आहेत. शिवाय त्याला फुलं येतात.

पाइनला फूल नाही, फळही नाही. आपल्या शेंदूरजनाघाटात संत्र्याची कलमं बांधणाऱ्यांना हे नवलच वाटेल. संत्र्याचं बी फोडीत, फोड सालीत. पाइनचं बी शंकूच्या खवल्यावर उघडंच बसतं, म्हणून ही झाडं अनावृतबीजी. पराग वारा नेतो, मधमाशीची गरज नाही. हिमालयातल्या चीडच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात असतात, कैलच्या पाच-पाचच्या. चीडच्या चिकापासून टर्पेंटाइन आणि राळ मिळते.

चिलगोजाही पाइनचंच बी. आपल्या देशात तो मुख्यतः हिमाचलातल्या किन्नौरचा. शंकू पिकायला दुसरं वर्ष उजाडतं, आणि भाव इतका की बहुतेक शंकू झाडावरूनच उतरवले जातात. खाली बी पडत नाही, त्यामुळे नवी रोपं फार कमी उगवतात. आपल्या शीरखुर्म्यातली चारोळी मात्र वेगळी. ती सातपुड्यातल्या चार झाडाच्या फळातली.

दुसऱ्या दिवशी वर्गात आधी चूक कबूल केली. मग अंगणातल्या मोरपंखीची फांदी दाखवली. मोरपंखीची पानं सुईसारखी नाहीत, चपटी आहेत, तरी ती सूचिपर्णीच. कारण तिला शंकू येतो. त्या मुलीनं एक वाळका शंकू नखानं उकलला, आतलं बी बराच वेळ पाहिलं आणि दोन बिया कंपासपेटीत ठेवून दिल्या.