गॅलरी एका सुरात कशी गाते

फुटबॉलमध्ये ‘घरच्या मैदाना’ला जे महत्त्व दिले जाते, ते केवळ ओळखीच्या गवताचे किंवा वाचलेल्या प्रवासाचे नसून त्या मैदानाच्या गॅलरीतून उठणाऱ्या आवाजाचेही असते, ही बाब आता अभ्यासाच्या कसोटीवर उतरलेली आहे. इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० प्रशिक्षित पंचांना एकाच सामन्यातील ४७ झटापटी चित्रफितीवर दाखवण्यात आल्या. काहींना त्या प्रेक्षकांच्या गजरासह ऐकवल्या, तर काहींना आवाज पूर्ण बंद करून दाखवल्या, आणि गजर ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिल्याचे आढळले. पुढे कोरोनाच्या काळात युरोपातील सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले, तेव्हा पाहुण्या संघांना एरवी जी जास्त पिवळी कार्डे दाखवली जात, त्यातील तफावत बरीच कमी झाली. पंचाचा प्रामाणिकपणा येथे शंकेचा विषय नाही. हजारो कंठांतून एकाच क्षणी उठलेली हाक माणसाच्या निर्णयावर त्याच्या नकळत परिणाम करते, एवढाच याचा अर्थ आहे.

महाराष्ट्रात फुटबॉलला प्रेक्षक मिळत नाहीत, अशी तक्रार जुनी आहे आणि ती अर्धीच खरी आहे. १ जून २०१८ रोजी मुंबई फुटबॉल अरीनावर भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले आणि सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली, त्या वेळी गॅलरीत जेमतेम अडीच हजार माणसे होती. दुसऱ्याच दिवशी छेत्रीने समाजमाध्यमावरून प्रेक्षकांना मैदानात येण्याची कळकळीची विनंती केली आणि ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची, जो त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता, सगळी तिकिटे संपली. विनंतीने खुर्च्या भरतात, हे त्या चार दिवसांत दिसून आले. मात्र भरलेल्या खुर्च्यांतून ९० मिनिटे टिकणारा, संघाला उचलून धरणारा एकसंध आवाज निघणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण ती उत्साहावर कमी आणि रचनेवर अधिक अवलंबून असते. आणि या रचनेचे जवळजवळ सगळे घटक मराठी समाजात, विशेषतः नाशिकसारख्या ढोलाच्या शहरात, आधीपासून तयार आहेत.

या संदर्भात प्रथम पाहावे लागते ते कोल्हापूर. तेथील संघ कोणा उद्योगसमूहाने उभे केलेले क्लब नाहीत, तर पेठांतील तालमींतून निघालेले आहेत: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ ही नावेच त्याची साक्ष देतात. १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या शाहू स्टेडियमवर यांच्यातील सामना असला की उन्हाची पर्वा न करता हजारो लोक गॅलरीच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसतात, आणि त्यांतील बहुतेकांचे शेजारी त्यांच्याच गल्लीतले असतात. गाण्यासाठी ही ओळख निर्णायक ठरते, कारण अनोळखी माणसांच्या घोळक्यात पहिला आवाज काढण्याचा संकोच मोठा असतो, तर ज्या पोरांनी गणेशोत्सवाची मिरवणूक बरोबर काढली आहे त्यांच्यात तो संकोच उरलेलाच नसतो. शिवाय हे गाव कुस्तीचे आहे, आणि कुस्तीच्या मैदानात हलगी-घुमकं हे लढतीचे अंगच मानले जाते; पैलवानांची पकड जुळली की हलगीची लय चढते, डाव सुटला की उतरते, आणि प्रेक्षकाचे काळीज त्या लयीबरोबर चालते. खेळाकडे पाहत वाजवणारा वादक आणि नुसता वाजवणारा वादक यांतील फरक जाणणारी ही परंपरा आहे.

कोल्हापूरचे हे बळ मोठ्या शहरांतील व्यावसायिक क्लबांना सहज मिळत नाही, आणि त्यात मैदानांची बांधणीही आड येते. मुंबई सिटी एफसीने इंडियन सुपर लीगचे पहिले दोन हंगाम, म्हणजे २०१४ आणि २०१५, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर घालवले, जे मुळात क्रिकेटसाठी बांधलेले असल्याने त्याच्या लंबवर्तुळात फुटबॉलचा आयत बसवला की गोलजाळ्यामागचा प्रेक्षक खेळापासून फार दूर पडतो. २०१६ पासून हा क्लब अंधेरीच्या, कितीतरी लहान, मुंबई फुटबॉल अरीनावर खेळू लागला. पुण्याच्या बालेवाडी संकुलात, जेथे एफसी पुणे सिटीचे सामने २०१९ पर्यंत होत असत, गॅलरी आणि मैदान यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आहे; ॲथलेटिक्सच्या ट्रॅकची एक लेन १.२२ मीटर रुंद असते, म्हणजे आठ लेनच्या ट्रॅकमुळेच सुमारे दहा मीटरचे अंतर वाढते. मोठ्या स्टेडियममध्ये विखुरलेल्या दहा हजारांपेक्षा लहान जागेत एकवटलेले तीन हजार प्रेक्षक अधिक ऐकू येतात, आणि म्हणूनच ज्या क्लबाची तिकिटे कमी खपतात त्याने ती सर्व विभागांत थोडी थोडी न विकता एकाच गॅलरीत दाट विकावीत, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

ही गॅलरी एकच का असावी, याचे कारण ध्वनीच्या वेगात आहे. उष्ण हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो आणि फुटबॉलचे मैदान सुमारे १०५ मीटर लांब असते. तेव्हा एका गोलजाळ्यामागे पडलेला ढोलाचा ठोका दुसऱ्या गोलजाळ्यामागच्या माणसाला ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो. हा काळ नगण्य वाटतो, परंतु मिनिटाला १२० ठोक्यांची चाल धरली तर दोन ठोक्यांमध्ये अर्ध्या सेकंदाचेच अंतर असते, म्हणजे पलीकडच्या टोकाला पोहोचलेला ठोका अर्ध्या मात्रेहून अधिक मागे पडलेला असतो. तेथील लोकांनी ऐकून टाळी दिली की ती आणखी ०.३ सेकंदाने परत येते, आणि मग दोन्ही बाजू एकमेकींना चुकवत राहतात, लय फाटते, आणि माणसे नाराज होऊन गप्प बसतात. दोन टोकांना दोन पथके बसवून मैदान दणाणून टाकण्याची हौस त्यामुळे उलटी फिरते. ढोल, झेंडे आणि गाणारे लोक एका गोलजाळ्यामागे एकत्र असावेत, त्यांच्यावर छप्पर असल्यास उत्तम, कारण छपरावर आदळलेला आवाज आकाशात विरून न जाता मैदानाकडे वळतो. आणि उरलेल्या स्टेडियमने ठोक्याला ठोका जुळवण्याऐवजी प्रत्युत्तर द्यावे, अशा रीतीने गाणी बांधावीत.

प्रत्युत्तराची ही पद्धत मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. ‘गणपती बाप्पा’ हा भाग एक गळा म्हणतो आणि ‘मोरया’ हा भाग हजार गळे म्हणतात. पहिला अर्धा लांब आणि दुसरा आखूड असल्यामुळे समुदायाला लक्षात ठेवण्यासारखे फारसे काही राहत नाही, आणि दुसऱ्याचा शेवट मोकळ्या ‘आ’ने होत असल्यामुळे तो हवा तेवढा ताणता येतो. घोषणा रचणाऱ्याने एवढे व्याकरण सांभाळले तरी पुष्कळ झाले: चार ठोक्यांत बसणारी ओळ, शेवटी दीर्घ स्वर, आणि चाल अशी की जी प्रेक्षकाला आधीच येते. इंग्लंडमधील बहुतेक मैदानी गाणी उसन्या चालींवरच बेतलेली आहेत. लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर आजही गायले जाणारे ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे गीत मूळचे १९४५ च्या एका अमेरिकन संगीतिकेतले असून १९६३ मध्ये त्याच शहरातील एका गायकवृंदाने ते लोकप्रिय केल्यावर प्रेक्षकांनी ते आपलेसे केले. मराठी क्लबाने गाजलेल्या चित्रपटगीताची किंवा कोळीगीताची चाल घेण्यात म्हणून काही कमीपणा नाही. देवाच्या आरत्या मात्र स्टेडियममध्ये आणू नयेत. गॅलरीत सर्व धर्मांची माणसे असतात, आणि तेथे घ्यायची ती आरतीची रचना, आरती नव्हे.

गाणे सुरू करणारा आणि ते पुढे नेणारा एक माणूस लागतो, ज्याला युरोपात ‘कापो’ म्हणतात. तो खेळाकडे पाठ करून, कठड्यावर उभा राहून, भोंगा घेऊन लोकांना गाणे देतो. म्हणजे ९० मिनिटांतील बराचसा सामना त्याला दिसतच नाही, आणि हा त्याग स्वेच्छेने करणारी माणसे ज्या क्लबाला मिळतात त्याचे नशीब थोर म्हणावे लागेल. वारीतल्या दिंडीत जे घडते तेच येथे घडते: विणेकरी उभा असतो, चाल देणारा चरण उचलतो, टाळकरी तो झेलतात, मृदंग सर्वांना बांधून ठेवतो, आणि मागे चालणारा जो वारकरी स्वतःला गायक समजत नाही तोही नकळत गात राहतो.

मृदंगाची ही जागा मैदानात ढोल-ताशा घेऊ शकतो, आणि येथे नाशिकचा अधिकार वादातीत आहे. ‘नाशिक ढोल’ हे नाव महाराष्ट्राबाहेर एका वादनशैलीचे नाव बनले असून हैदराबादच्या गणेश मिरवणुकांत आणि थेट केरळात उत्सव, निवडणूक प्रचार व फुटबॉलचा जल्लोष यांत ते सर्रास ऐकू येते. हजार किलोमीटरहून दूरच्या फुटबॉलवेड्या राज्याने ज्या वाद्याला या शहराच्या नावाने हाक मारली, ते या शहराच्या स्वतःच्या फुटबॉल मैदानावर अभावानेच वाजावे, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. पथकाच्या रचनेत ढोल संख्येने अधिक असले तरी सूत्र ताशाकडे असते. ताशाचा तीक्ष्ण, उंच आवाज गर्दीच्या खोल गोंगाटातून वेगळा निघतो आणि चाल बदलायची खूण तोच देतो, तर ढोल एका बाजूला टिपरूने आणि दुसऱ्या बाजूला हाताच्या थापेने तो ठोका जमिनीपर्यंत पोहोचवतो. मैदानात मात्र मिरवणुकीइतके ढोल नेणे चुकीचे ठरेल. ५० ढोलांपुढे माणसाचा गळा ऐकू येत नाही, आणि गळा ऐकू आला नाही की माणूस गाणे सोडून प्रेक्षक बनतो. चार-सहा ढोल, दोन ताशे आणि झांजांची एक जोडी एवढ्यावर हजार-दोन हजार लोकांचे गाणे व्यवस्थित उभे राहते. क्लबाच्या ध्वनिवर्धकांनाही हाच नियम लागू आहे: खेळ थांबताच कानठळ्या बसवणारे ध्वनिमुद्रित संगीत लावले की नुकतेच सुरू झालेले गाणे मरते, आणि पुन्हा सुरू करण्याची उमेद लोकांना सहसा राहत नाही.

उभे राहण्याचा प्रश्न नाजूक आहे. बसलेल्या माणसाचा श्वास आखडतो आणि शेजाऱ्याशी त्याचा संबंध तुटतो, त्यामुळे गाणारे लोक जगात सर्वत्र उभे राहतात. जर्मनीत डॉर्टमुंडच्या दक्षिण गॅलरीत सुमारे २५ हजार प्रेक्षक उभ्याने सामना पाहतात. पण १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर उभ्या गर्दीची चेंगराचेंगरी होऊन, पुढे दगावलेल्यांसह, ९७ जणांचा बळी गेला, आणि त्यानंतर इंग्लंडमधील वरच्या दोन श्रेणींत उभी गॅलरी बंद करण्यात आली. प्रत्येक रांगेत कठडा बसवून उभे राहण्याची परवानगी तेथे २०२२ मध्ये परत मिळाली. चौकशीने त्या दुर्घटनेचा दोष प्रामुख्याने गर्दी हाताळण्यातील चुकांवर ठेवला होता, हे विसरता कामा नये. आपल्याकडे उभे राहण्याचा विभाग करायचा तर रांगेगणिक कठडा, मोजून दिलेली तिकिटे, मोकळे जिने आणि बाहेर पडण्याची रुंद दारे या गोष्टी आधी हव्यात, ढोल नंतर.

शिवीगाळ हा याच विषयाचा दुसरा भाग आहे. कोल्हापुरात पेठांची ईर्ष्या अनेकदा हुल्लडबाजीवर गेली आहे, दगडफेकही झाली आहे, आणि त्यामुळे मुली व कुटुंबे गॅलरीपासून दूर राहतात. पोलिसांचा बंदोबस्त वाढवून शिव्या थांबत नाहीत, कारण रिकाम्या तोंडात त्या आपोआप येतात. ज्या गॅलरीला सतत म्हणायला काहीतरी दिलेले असते तिच्यात शिवीला जागा कमी मिळते, आणि एखाद्याने सुरुवात केलीच तर ताशाने ताबडतोब दुसरी चाल उचलून तिला बुडवता येते. हे काम कापोचे आणि ताशेवाल्याचे आहे, आणि त्यांची निवड करताना गळ्याइतकाच स्वभावही पाहिला पाहिजे.

नाशिकला आज इंडियन सुपर लीगमधील क्लब नाही, तरी शालेय, जिल्हा आणि आंतरजिल्हा सामन्यांसाठी यातले बहुतेक सर्व करता येण्यासारखे आहे. पथकांचा सराव पावसाळ्यात, गणेशोत्सवाच्या आधी, जोरात असतो आणि विसर्जनानंतर मोकळी झालेली मुले गुढीपाडव्याच्या शोभायात्रेपर्यंत फारशी एकत्र येत नाहीत, तर फुटबॉलचे मैदान खेळण्याजोगे होते ते नेमके याच मोकळ्या महिन्यांत. रात्री दहानंतर वाद्यांवर निर्बंध असल्याने दुपारी चारला सुरू होणारे सामने पथकांना आणि शेजाऱ्यांना दोघांनाही सोयीचे पडतील. वाद्ये आत नेण्याची परवानगी मात्र आयोजकांनी पोलिसांकडून आधीच काढून ठेवावी, आणि ढोल ताणण्यासाठी पथकाला सामन्यापूर्वी तासभर आधी गॅलरीत सोडावे.