कोंबड्यांच्या राखणीला पिस्तूल?

जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरच्या गावांत हल्ली एक प्रश्न कानी येतो : "साहेब, परसातल्या कोंबड्या राखायला बावीस बोअरचं लहान पिस्तूल बरं का?"

१९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखणीसाठी परवान्याची सोय आहे, पण ती ठासणीच्या बंदुकीची. कोंबड्यांचे कारण सांगून पिस्तूल मिळेल ही आशा धरू नये. शिवाय शिकाऊ हाताने, अंधारात, पळत्या जनावरावर नेम धरायचा! बावीसची गोळी लहान खरी, पण चुकली तर किलोमीटरभर जाते. वस्तीवर माणसं अंगणात निजतात, हंगामात तोडणी टोळीच्या कोप्या शेजारीच असतात.

मुंगूस, कोल्हा, रानमांजर मारणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तुरुंगाची पाळी येते. आणि हीच जनावरे उसातले उंदीर खातात. उंदीर कांड्यांचे काय करतो ते तुम्हांस सांगायला नको.

पैसा घालायचाच तर खुराड्यावर घाला. साधी कोंबडीजाळी कुत्रं फाडतं. अर्धा इंची वेल्डची जाळी घ्या, खाली फूटभर पुरून बाहेरच्या अंगाला वळवा, कारण मुंगूस कडेलाच उकरते. ते दिवसाढवळ्या येते, म्हणून पिल्ले डालग्याखालीच बरी. रानमांजर तिन्हीसांजेनंतर फिरते. त्याआधी कोंबड्या कोंडून दाराला कडी आणि वर खिटी घालावी. ऊस खुराड्याला भिडला असेल तर पुढच्या लागणीला पंधरा फूट पट्टी मोकळी सोडा. पाचटाचा ढीगही तिथं नको.