संगणकाची झोप कोणाच्या हाती?

देवळाली कॅम्पमध्ये ‘कर्नल’ म्हटले, की डोळ्यांसमोर येतो तो तोफखान्याचा अधिकारी. संगणकातील कर्नल निराळा. तो कार्यप्रणालीचा गाभा असून रॅम, डिस्क आणि साऱ्या उपकरणांवर त्याचीच हुकमत चालते. या कर्नलकडे कोणती कामे ठेवावीत आणि कोणती बाहेरच्या प्रोग्रॅमकडे सोपवावीत, यावर २००५-०६ मध्ये लिनक्सच्या जगात मोठा वाद रंगला. निमित्त होते संगणकाला झोपवण्याचे.

त्याच काळात महाराष्ट्र भारनियमनाने त्रस्त होता. एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्र जवळ असूनही नाशिक परिसराची त्यातून सुटका नव्हती. वीज गेल्यावर यूपीएस काही मिनिटेच तग धरी. अशा वेळी ‘सस्पेंड’चा साधा प्रकार उपयोगाचा नसतो, कारण त्यात रॅमला थोडी का होईना, वीज लागतेच. खरा उपाय ‘हायबरनेट’चा. त्यात रॅममधील सर्व माहिती डिस्कवर उतरवून यंत्र पूर्ण बंद करता येते.

लिनक्समध्ये ही सोय २००२ मध्ये कर्नलच्या आतच आली. ऑस्ट्रेलियातील नायजेल कनिंगहॅम यांनी ‘सस्पेंड२’ या नावाने तिची अधिक वेगवान आवृत्ती तयार केली. मात्र त्यासाठी गाभ्यात बरीच भर घालावी लागणार होती आणि मूळ कर्नलमध्ये तिला कधीच स्थान मिळाले नाही. पावेल माहेक आणि राफाल विसोत्स्की यांनी उलट वाट धरली. जे बाहेर करता येते ते बाहेरच करावे, असा त्यांचा आग्रह होता. जून २००६ मधील २.६.१७ या आवृत्तीत त्यासाठीचा दरवाजा खुला झाला.

विभागणी अशी होती. चालू प्रोग्रॅम गोठवणे, उपकरणे थांबवणे आणि रॅमची एका क्षणाची प्रत काढणे ही कामे कर्नलची. त्यांत बाहेरच्याला हात घालता येत नाही. मात्र ती प्रत दाबून लहान करणे, कूटबद्ध करणे आणि डिस्कवर लिहिणे ही कामे ‘एस२डिस्क’ हा साधा प्रोग्रॅम करू लागला. कूटबद्धतेचे महत्त्व मोठे. रॅममध्ये परवलीचे शब्दही असतात. प्रत उघडी राहिली आणि लॅपटॉप चोरीला गेला, तर ते चोराच्या हाती पडणार.

धोकाही होताच. प्रत काढल्यानंतर या प्रोग्रॅमने डिस्कवरील एखादी फाइल बदलली, तर जागे झालेल्या संगणकाची आठवण एक आणि डिस्कवरची स्थिती दुसरी, असा घोळ होऊन माहितीच नष्ट होऊ शकते. म्हणून त्याला स्वतःला लागणारे सारे आधीच रॅममध्ये घेऊन बसावे लागे. गोठलेल्या घरात एकट्यानेच जागे राहायचे आणि कशालाही हात लावायचा नाही, असा हा प्रकार!

पुढे काटा पुन्हा आत झुकला. झोपेतून उठल्यावर पडदा काळाच राही, त्यासाठीच्या क्लृप्त्याही पूर्वी बाहेरचेच साधन लढवी. २००९ नंतर पडद्याची मांडणी कर्नल स्वतः करू लागला आणि त्यांची गरज सरत गेली. जानेवारी २०११ मधील २.६.३७ आवृत्तीपासून प्रत लहान करण्याचे कामही कर्नलनेच घेतले. बाहेरच्या वाटेचा तांत्रिक युक्तिवाद चुकीचा नव्हता. पण सामान्य वापरकर्त्याला वेगळे साधन बसवण्याचा खटाटोप नको होता, हेही तितकेच खरे.

२०१९ मधील ५.४ आवृत्तीत ‘लॉकडाउन’ नावाची कडक व्यवस्था आली. ती चालू असताना हायबरनेट बंद राहते, कारण डिस्कवरील प्रतीत मध्यंतरी कोणी फेरफार केला नाही, याची खात्री कर्नलला देता येत नाही.