मोबाईल आपला, किल्ली कोणाची?



राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबारावरची पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाईलवरून करू लागला. सातबारा, बँक, पाहुण्यारावळ्यांचे नंबर, सगळे आता खिशातल्या फोनमध्ये असते. तेव्हा त्या फोनवर हुकमत कोणाची, हे समजून घेतले पाहिजे.

मोबाईल चालतो तो आतल्या मूळ प्रणालीवर. आपल्यापैकी बहुतेकांकडे अँड्रॉईड प्रणाली आहे. तिचा पायाचा भाग 'मुक्त स्रोत' आहे. म्हणजे तिची लिहिलेली रचना कोणीही जाणकार वाचू शकतो, तपासू शकतो, बदलूही शकतो. हा तपासणीला खुला ठेवलेला वजनकाटाच समजा. प्रत्येक सभासद काही काटा तपासत नाही, पण कोणालाही तो तपासता येतो म्हटल्यावर भरवसा बसतो. मात्र दुकानातून येणाऱ्या फोनमध्ये या खुल्या पायावर गूगलची आणि फोनकंपनीची बंद ॲप्स बसवलेली असतात. त्यांतली काही काढू म्हटले तरी निघत नाहीत.

रचना खुली असली म्हणजे ताबा आपला, असे नव्हे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाचे उदाहरण घ्या. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर न्यायला वाहतूक पास लागतो आणि पासबुक राहिले वनखात्याकडे. २७ एप्रिल २०११ रोजी ते ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा कुठे हक्काला अर्थ आला.

फोनचेही तसेच आहे. मूळ प्रणाली बदलायची तर आधी फोनचे कुलूप, म्हणजे बूटलोडर, उघडावे लागते. पुष्कळ कंपन्या ते उघडू देत नाहीत. जेथे उघडते तेथे लिनिएजओएससारखी मुक्त प्रणाली बसवता येते. पण कुलूप उघडताना फोनमधली माहिती पुसली जाते आणि पुढे बँकांची काही ॲप्स चालत नाहीत. सबब जाणकार सोबत असल्याशिवाय हा उद्योग करू नये.

मात्र जी किल्ली आपल्या हाती आहे, ती जरूर वापरावी :

१) प्रत्येक ॲप परवानगी मागते. ती कामापुरतीच द्यावी. पीक पाहणीला कॅमेरा व ठिकाण लागते, हे रास्त आहे. तेथे 'ॲप वापरतानाच' हा पर्याय निवडावा.

२) कर्ज देणारे ॲप फोनमधले नंबर मागू लागले तर ते काढून टाकावे. हप्ता थकला की असल्या मंडळींचे फोन सोयऱ्यांना जातात आणि चारचौघांत मान खाली घालायची पाळी येते. कर्जाच्या ॲपने ग्राहकाच्या फोनमधील नंबरांची यादी घेऊ नये, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच दिली आहे.

३) अँड्रॉईड १२ व पुढच्या फोनमध्ये कॅमेरा किंवा माईक चालू झाला की वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. आपण काही करत नसताना ती दिसली, तर सेटिंगमध्ये जाऊन कोणते ॲप आहे ते पाहावे व परवानगी बंद करावी.

शंका असल्यास गट कार्यालयात यावे, आम्ही समजावून देऊ. येताना फोन जरूर आणावा. पिन मात्र आम्हालाही सांगू नये.