विश्लेषण : परीक्षा तोंडावर आली की ब्लॉगचीच खटपट का सुचते?

पीएल सुरू झालेली असते. टेबलावर मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका असतात. रात्री अकरा वाजता लॅपटॉप उघडला जातो तो नोट्सची पीडीएफ पाहायला. साडेबारा वाजता मात्र पडद्यावर स्वतःच्या ब्लॉगचा कोड असतो आणि मोबाइलवर मेन्यूची पट्टी दोन पिक्सेल खाली का सरकते, याचा शोध सुरू असतो. इंजिनीअरिंग केलेल्या अनेकांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. ही ओढ नेमकी परीक्षेच्या काळातच का वाढते? त्यात नुकसान किती, फायदा किती? आणि ब्लॉग बंद न करताही पेपर सुटू शकतो का?

ब्लॉगची ‘खटपट’ म्हणजे काय?

ब्लॉगवर लिहिणे आणि ब्लॉगची खटपट करणे ही दोन वेगळी कामे आहेत. फक्त लिहायचे असेल, तर तयार सेवा भरपूर आहेत. ‘ब्लॉगर’ ही सेवा १९९९ मध्येच सुरू झाली. पण कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याला तयार घरात राहण्यापेक्षा भिंती स्वतः बांधायला आवडतात. ‘जेकिल’ किंवा ‘ह्यूगो’सारखी मोफत साधने साध्या मजकुराच्या फाइलींपासून वेबसाइटची पाने तयार करून देतात. ती पाने ‘गिटहब पेजेस’वर फुकट ठेवता येतात. स्वतःच्या नावाचे डोमेन हवे असेल, तरच खिशाला हात घालावा लागतो.

मग थीम बदलणे, फॉन्ट निवडणे, डार्क मोड बसवणे, पान अर्ध्या सेकंदाने लवकर कसे उघडेल ते पाहणे, हे सुरू होते. या कामाला शेवट नसतो. तीन लेख असलेल्या ब्लॉगची थीम सात वेळा बदललेली असते, ती यामुळेच.

परीक्षेच्या काळातच ओढ का वाढते?

याला सरसकट आळस म्हणणे बरोबर नाही. आळशी माणूस रात्री दोन वाजेपर्यंत कोडमधली चूक शोधत बसत नाही. फ्युशिया सिरोई आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडल्यानुसार, चालढकल ही वेळेच्या नियोजनापेक्षा मनःस्थिती सांभाळण्याशी जास्त जोडलेली असते. पुस्तक उघडले की भीती वाटते, कंटाळा येतो, आपल्याला काहीच येत नाही असे वाटते. ती भावना टाळण्यासाठी माणूस दुसरे काम हाती घेतो. लगेच बरे वाटते आणि अभ्यास मागे पडतो.

दुसरे कारण आहे उत्तर मिळण्याच्या वेगाचे. कोडची एक ओळ बदलली, पान रिफ्रेश केले की दोन सेकंदांत कळते, जमले की नाही. गणिताचे एक युनिट चार तास वाचले, तरी ते जमले का, हे पेपरपर्यंत कळत नाही आणि निकाल त्यानंतर कित्येक आठवड्यांनी लागतो. मेंदूला पटकन मिळणारी पोचपावती आवडते.

शिवाय हे काम ‘उपयोगी’ दिसते. रील्स पाहताना मनाला टोचणी लागते, ब्लॉग सुधारताना लागत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील तत्त्वज्ञ जॉन पेरी यांनी या सवयीवर गमतीदार निबंध लिहिला होता. महत्त्वाचे काम टाळण्यासाठी माणूस इतर बरीच उपयुक्त कामे उरकतो, हे त्याचे सूत्र. त्याबद्दल त्यांना २०११ मध्ये ‘इग नोबेल’ हा विनोदी पुरस्कार मिळाला.

‘फक्त पंधरा मिनिटे’ महाग का पडतात?

एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळले, तरी लक्षाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये हा परिणाम अभ्यासला. ब्लॉगच्या बाबतीत तो विशेष जाणवतो, कारण कोडिंगचे काम ठरलेल्या वेळेत क्वचितच संपते. लॅपटॉप बंद केला, तरी ‘ती चूक बहुधा दुसऱ्या फाइलमध्ये असेल’ हा विचार फुरियर सिरीजच्या उदाहरणात डोकावत राहतो.

माझा अनुभव सांगतो. तिसऱ्या सेमिस्टरला एम थ्रीच्या आदल्या संध्याकाळी मी ब्लॉगच्या थीमचे नवे व्हर्जन टाकले. पंधरा मिनिटांचे काम होते. साइट उघडेना. ती पूर्ववत करेपर्यंत पहाटेचे तीन वाजले. त्या वेळी माझ्या ब्लॉगचे नियमित वाचक दोन होते आणि दोघेही होस्टेलच्या त्याच मजल्यावर एम थ्रीची गणिते सोडवत होते. विषय राहिला. चौथ्या सेमिस्टरच्या पेपरांबरोबर तो पुन्हा द्यावा लागला. निकाल घरी सांगायला मला दोन दिवस लागले.

केटी म्हणजे जगबुडी नव्हे. पण त्याची किंमत पुढेही मोजावी लागते. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची अट असते, ‘लाइव्ह बॅकलॉग’ नको. ब्लॉग कितीही देखणा असला, तरी ही अट पूर्ण होत नसेल, तर तो दाखवण्याची वेळच येत नाही.

पण मोठी कामे अशीच झाली ना?

होस्टेलवर हा युक्तिवाद हमखास होतो आणि तो अगदीच खोटा नाही. मॅट मुलनवेग हा ह्यूस्टन विद्यापीठाचा विद्यार्थी ज्या सॉफ्टवेअरवर ब्लॉग चालवत होता, त्याचे काम थंडावले होते. त्याने तोच कोड पुढे न्यायचे ठरवले. इंग्लंडमधील माइक लिटल त्याला येऊन मिळाला आणि मे २००३ मध्ये ‘वर्डप्रेस’ची पहिली आवृत्ती आली. तेव्हा मुलनवेग १९ वर्षांचा होता. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनेही ऑगस्ट १९९१ मध्ये आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम करत असल्याचे जाहीर केले होते. तीच पुढे ‘लिनक्स’ झाली.

मात्र या कथांचा उरलेला भाग सहसा सांगितला जात नाही. मुलनवेगने २००४ मध्ये शिक्षण सोडले, ते सीनेट या कंपनीतील नोकरीसाठी. टोरवाल्ड्सने शिक्षण सोडले नाही. १९८८ मध्ये प्रवेश घेतलेल्या टोरवाल्ड्सने, मध्ये लष्करी सेवा करूनही, पदव्युत्तर पदवी पूर्ण केली आणि प्रबंधाचा विषय लिनक्स हाच होता. शिवाय ही दोन नावे आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांना यश आले. थीम बदलता बदलता ज्यांचे वर्ष गेले, त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही.

ब्लॉग अभ्यासाच्या कामी येऊ शकतो का?

येऊ शकतो, पण कोडच्या बाजूने नव्हे, लिहिण्याच्या बाजूने. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग यासाठी महत्त्वाचा आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तेच उतारे पुन्हा वाचले, तर काहींनी न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटले. लिहून काढणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के.

हेच ब्लॉगला लावता येते. समजा, ऑपरेटिंग सिस्टीममधील डेडलॉक वाचून झाला आहे. पुस्तक बंद करा. डेडलॉक होण्याच्या चार अटी कोणत्या, हे ज्युनिअरला समजावत आहोत अशा भाषेत लिहा. अरुंद पुलावर दोन्ही बाजूंनी आलेल्या दोन एसटी गाड्यांचे उदाहरण घ्या. जिथे पेन अडेल, तेवढाच भाग पुस्तकात पाहा. पेन म्हणण्याचे कारण असे की, विद्यापीठाचा पेपर हातानेच लिहायचा असतो. त्यामुळे पहिला मसुदा कागदावर आणि ब्लॉगवर टाकायचे काम पेपर संपल्यावर.

यात एक फसगत आहे. पुस्तक उघडे ठेवून व्याख्या टाइप करणे आणि आकृत्यांना रंग देत बसणे, हा अभ्यास नव्हे. ती पुन्हा खटपटच.

डोक्यात येणाऱ्या कल्पनांचे काय करायचे?

दाबून ठेवल्या तर त्या जास्त छळतात. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ च्या अभ्यासात दिसले की, अपूर्ण कामाची ठोस योजना केली, तरी त्याचे मनात घोळणे बरेच कमी होते. काम पूर्णच व्हायला हवे असे नाही. त्यावरून काही सोपे नियम करता येतील.

पहिला, ‘फ्रीझ’. सॉफ्टवेअर कंपन्या मोठ्या रिलीजआधी नवे बदल थांबवतात. पहिल्या पेपरच्या पंधरा दिवस आधी ब्लॉगच्या कोडचेही तसेच करा. नवे व्हर्जन नाही, नवी थीम नाही.

दुसरा, यादी. कल्पना सुचली की वहीच्या मागच्या पानावर एक ओळ लिहा आणि ‘शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी’ अशी वेळ समोर टाका. कंपन्यांमध्ये करायच्या कामांच्या अशा यादीलाच ‘बॅकलॉग’ म्हणतात. हा बॅकलॉग वाढला, तर मार्कशीटवरचा वाढत नाही.

तिसरा, साइट बिघडलीच, तर दुरुस्तीला बसू नका. गिटमध्ये आधीच्या चालू कमिटवर परत जा आणि लॅपटॉप मिटा.

चौथा, थोडी मोकळीक. एक पेपर देऊन आल्यावर जेवणापर्यंतचा वेळ ब्लॉगला द्यायला हरकत नाही. डोके तसेही थकलेले असते आणि मेसची वेळ झाली की उठावेच लागते.

पुढच्या सेमिस्टरला मी अशी यादी केली. पेपर संपले तेव्हा तिच्यात चौदा गोष्टी होत्या. त्यातल्या तीन केल्या. उरलेल्या अकरा, परीक्षा नसताना, कराव्याशाच वाटल्या नाहीत.