विमानतळाहून बोरीबंदरापर्यंत



आपल्या किल्लारीहून मोठ्या शहरास जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. कोणी परीक्षेस जातो, कोणी आजारी माणसास घेऊन जातो, कोणी पोटापाण्याच्या उद्योगास जातो. विमानाचा प्रवासही केवळ धनिकांचा उरलेला नाही. तथापि आमचा अनुभव असा की, विमानात बसणे सोपे असते; विमानातून उतरल्यावर जो पहिला तास येतो, तो कठीण. आकाशातील वाट वैमानिकास ठाऊक असते. जमिनीवरील वाट आपली आपणांसच शोधावी लागते. त्या एका तासाविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आमच्याच फजितीची हकीकत सांगतो. २०१८ साली आम्ही शिक्षकांच्या एका वर्गासाठी दिल्लीस गेलो होतो. परतताना विमानाने मुंबईस उतरलो. त्याच रात्री छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, म्हणजे जुन्या लोकांच्या बोरीबंदराहून, लातूरची गाडी धरावयाची होती. हाताशी चांगले चार तास होते. दाराबाहेर पाऊल टाकतो न टाकतो तोच एका गृहस्थाने आमची पेटी हाती घेतली व "चला साहेब" म्हणून तो चालू लागला. भाडे विचारावे, तर आपण खेडवळ दिसू. दुसऱ्या कोणास वाट विचारावी, तर पदवीधर माणसास शोभणार नाही. अशा विचारात आम्ही त्याच्या मोटारीत बसलो. रस्ता संध्याकाळच्या गर्दीने तुंबला होता. भाड्यापोटी आगगाडीच्या तिकिटाच्या कितीतरी पट रक्कम मोजून आम्ही फलाटावर पोहोचलो, तेव्हा गाडीचा मागचा तांबडा दिवा दूर जाताना दिसला.

एवढ्यावर भागले असते, तर ही गोष्ट आम्ही मनातच ठेविली असती. परंतु एका विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज आमच्या कपाटात होता, कपाटाची किल्ली आमच्या खिशात होती, आणि अर्ज देण्याचा शेवटचा दिवस दुसराच होता. त्या मुलाचे वडील सकाळपासून शाळेच्या पायरीवर बसून राहिले. आम्ही रात्री गावी पोहोचलो, तेव्हा मुदत टळून गेली होती. मुलाचे ते वर्ष शिष्यवृत्तीवाचून गेले.

वडिलांनी रागाचा एकही शब्द काढिला नाही. ते पूर्वी मुंबईत बांधकामावर मजुरी करून आलेले. सर्व हकीकत ऐकून त्यांनी इतकेच विचारले, "सर, तिथून मेट्रोनं घाटकोपरला जायचं अन् लोकल धरायची. कुणाला बी विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारायची लाज वाटली का?" आम्हांस उत्तर सुचले नाही. वाट विचारण्याची लाज आमची, आणि तिचा दंड भरला त्या लेकराने. ती गोष्ट आजही बोचते.

त्या गृहस्थांचे म्हणणे अगदी खरे होते. वर्सोव्याहून अंधेरीवरून घाटकोपरास जाणारी मुंबईची पहिली मेट्रो जून २०१४ मध्येच सुरू झाली होती, आणि घाटकोपराहून मध्य रेल्वेची लोकल थेट बोरीबंदरास जाते. आता तर वाट याहून सोपी झाली आहे. आरेपासून कफ परेडपर्यंत सुमारे साडेतेहतीस किलोमीटर लांबीची, बहुतेक सर्व जमिनीखालून धावणारी तिसरी मेट्रो ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुली झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचा शेवटचा टप्पा सुरू झाला. विमानतळाच्या टर्मिनल १ व टर्मिनल २ या दोहोंसाठी तीवर स्वतंत्र स्थानके आहेत, आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हेही तिचे एक स्थानक आहे. म्हणजे गाडी न बदलता, रस्त्यावरील गर्दीत न अडकता, लातूरच्या गाडीच्या दाराशी जाता येते.

ही वाट कशी चालावी, ते क्रमाने सांगतो. घरून निघण्यापूर्वी तिकिटावर विमानतळाचे नाव व टर्मिनलचा आकडा नीट वाचावा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरूनही विमाने ये-जा करू लागली आहेत. तेथे उतरणाऱ्यास ही भुयारी मेट्रो मिळणार नाही. त्याने त्या बाजूची बस वा अन्य वाहन आधीच विचारून ठेवावे. जुन्या विमानतळावर उतरल्यास सामान घेऊन शांतपणे बाहेर यावे. कोणी पेटीस हात घातल्यास "नको" असे स्पष्ट म्हणावे. त्यात उद्धटपणा नाही. मग मेट्रोच्या पाट्या पाहत चालावे, आणि पाटी न दिसल्यास गणवेषातील कर्मचाऱ्यास विचारावे.

मेट्रोच्या खिडकीवर आपल्या स्थानकाचे नाव सांगून तिकीट घ्यावे. या मार्गावर अंतराप्रमाणे दहा रुपयांपासून सत्तर रुपयांपर्यंत भाडे पडते. मोबाईलवरही तिकीट मिळते, परंतु मोबाईलची बॅटरी ऐन वेळी दगा देते. यास्तव सुटे पैसे जवळ असावेत. सामानाची तपासणी होते. पुढे तिकीट यंत्रासमोर धरिले की फाटक उघडते. तेच तिकीट उतरल्यावर बाहेर पडतानाही लागते, म्हणून ते टाकून देऊ नये. फलाटावर दोन दिशांच्या गाड्या येतात. आपणांस "कफ परेड" अशी पाटी असलेल्या गाडीत बसावयाचे. "आरे" अशी पाटी असलेली गाडी उलट दिशेस नेते. चुकीच्या गाडीत बसल्यास घाबरू नये. पुढच्या स्थानकावर उतरून समोरची गाडी धरावी. पाच-दहा मिनिटांपलीकडे काही बिघडत नाही. मेट्रो रात्रभर चालत नाही, हेही ध्यानात असावे. विमान फार उशिरा उतरणार असेल, तर विमानतळाच्या आतील टॅक्सीच्या खिडकीवर आधी भाडे भरून पावती घ्यावी. रिक्षा मुंबईच्या दक्षिण भागात जात नाहीत. त्या शीव व माहीमच्या अलीकडेच थांबतात, हे बहुतेक नवख्यांस ठाऊक नसते.

लोकल गाडीचा प्रसंग आल्यास आणखी थोडे सांगावयाचे आहे. स्त्रियांसाठी वेगळे डबे असतात. पहिल्या वर्गाच्या डब्यात दुसऱ्या वर्गाचे तिकीट चालत नाही व दंड होतो. जलद गाडी सर्व स्थानकांवर थांबत नाही. सकाळ-संध्याकाळच्या कचेरीच्या वेळी मोठे सामान व लहान मुले घेऊन लोकलमध्ये शिरण्याचे धाडस करू नये.

पालकांस एक विनंती आहे. मुलांबरोबर प्रवास करिताना प्रत्येक मुलाच्या खिशात घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असू द्यावी. गर्दीत कोणी मागे राहिल्यास काय करावयाचे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. आमच्या सहलीत नियम असा असतो की, फलाटावर मागे राहिलेल्याने जागचे हलू नये. पुढे गेलेल्यांनी पुढच्या स्थानकावर उतरून परत यावे. दोघेही एकमेकांस शोधीत फिरू लागले, म्हणजे दोघेही हरवतात. पोलिसांच्या मदतीसाठी ११२, रेल्वेसाठी १३९ व मुलांसाठी १०९८ हे क्रमांक मुलांकडून पाठच करून घ्यावेत.

आपल्या भागातील पुष्कळांस हैदराबाद जवळचे वाटते, आणि ते साहजिक आहे. १९५६ सालापर्यंत आपला मुलूख त्याच राज्यात होता. तेथील शमशाबादचा विमानतळ मार्च २००८ मध्ये सुरू झाला. त्या विमानतळापर्यंत अद्याप मेट्रो गेलेली नाही. परंतु सरकारी परिवहन मंडळाच्या "पुष्पक" नावाच्या बसगाड्या तेथून शहराच्या निरनिराळ्या भागांत जातात. बसवरील पाटी वाचावी, आणि वाहकास आपले ठिकाण सांगून मगच आत बसावे. तेथे सरकारी बस ही काही आजची गोष्ट नव्हे. निजामाच्या रेल्वे खात्याने जून १९३२ मध्येच सत्तावीस बसगाड्यांनिशी तो उपक्रम आरंभिला होता.

सार्वजनिक वाहनाचा मोठा गुण केवळ स्वस्ताईचा नाही. त्याचे भाडे ठरलेले असते, आणि त्याची वाट पाटीवर लिहिलेली असते. मुंबईत १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९२६ साली मोटारबस धावू लागली. या प्रत्येक वाहनाने परक्या माणसास एकच गोष्ट दिली: घासाघीस न करिता, कोणाची ओळख नसता, शहरात हिंडण्याचा हक्क. ज्या डब्यात शहरात जन्मलेला बसतो, त्याच डब्यात त्याच दराने किल्लारीचा मुलगा बसतो. तेथे नवख्याचे नवखेपण कोणी विकत घेऊ शकत नाही. मात्र पाटी वाचता आली पाहिजे, आणि जे वाचून कळत नाही, ते विचारता आले पाहिजे. पहिली विद्या शाळा देते. दुसरी आमच्यासारख्या शिकलेल्यांस पुष्कळदा मजुरी करणाऱ्याकडूनच शिकावी लागते.

नवी मेट्रो सुरू झाल्यावर आम्हांस पुन्हा एकदा विमानाने मुंबईस उतरण्याचा योग आला. दारात पुन्हा तसेच कोणीतरी पेटीस हात घालू लागले. आम्ही "नको" म्हटले आणि झाडू मारणाऱ्या एका बाईंस विचारले, "ताई, मेट्रो कोणीकडे?" त्यांनी हातातील झाडूनेच दिशा दाखविली. त्या रात्री गाडी सुटण्यापूर्वी दीड तास आधी आम्ही फलाटावर बसून घरून आणलेली भाकरी खात होतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेस वर्गात हजर होतो.

ज्या मुलाचे वर्ष आमच्या लाजेपायी फुकट गेले, त्याने पुढील वर्षी पुन्हा अर्ज केला व त्यास शिष्यवृत्ती मिळाली. तो अर्ज मात्र आम्ही मुदतीच्या आठ दिवस आधीच लातुरास स्वतः नेऊन दिला.