नक्कल हाताने कशाला?

वेब अ‍ॅपमध्ये फ्रंटएंड आणि सर्व्हर यांचा सगळा व्यवहार माहितीच्या आकारावर चालतो. कोणतं फील्ड येणार, ते आकडा की मजकूर, रिकामं येऊ शकतं का, हे दोन्हीकडे सारखंच ठाऊक असावं लागतं. फ्रंटएंडवाले या आकाराचे टाइप सर्व्हरकडे पाहून अनेकदा हातानेच लिहितात. सर्व्हरवर एक नाव बदललं आणि इकडे बदलायचं राहिलं, तर कंपायलर हूं की चूं करत नाही. ग्राहकाच्या स्क्रीनवर मात्र रकाना कोरा येतो. ‘ग्राफक्यूएल कोड जनरेटर’ हे नक्कल करण्याचं कामच माणसाच्या हातून काढून घेतं.

त्याच्या मुळाशी असलेल्या दोन्ही गोष्टी २०१२ सालच्या. फेसबुकमध्ये ली बायरन, निक श्रॉक आणि डॅन शेफर यांनी मोबाइल अ‍ॅपसाठी ग्राफक्यूएल ही सर्व्हरकडे माहिती मागण्याची भाषा घडवली. ती २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. मायक्रोसॉफ्टने अँडर्स हेल्सबर्ग यांच्या टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेची पहिली आवृत्ती २०१२च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केली. ग्राफक्यूएलमध्ये सर्व्हरचा स्कीमा प्रत्येक फील्डचा टाइप सांगतो आणि टाइपस्क्रिप्टला नेमकी तीच माहिती हवी असते. या दोहोंमधला दुवा म्हणजे ‘द गिल्ड’ या गटाचा हा जनरेटर.

मांडणी सोपी आहे. कमांड लाइन साधन आणि क्लायंट प्रीसेट ही पॅकेजं घ्यायची आणि कॉन्फिग फाइलमध्ये तीन गोष्टी सांगायच्या: स्कीमा कुठे आहे, क्वेरी कोणत्या फाइलींत आहेत आणि तयार झालेला कोड कुठे ठेवायचा. ग्राफक्यूएल सर्व्हरला त्याचा स्कीमा विचारता येतो; याला इंट्रोस्पेक्शन म्हणतात. सुरक्षेसाठी ते बंद ठेवलं असेल, तर स्कीमाची फाइल द्यायची. वॉच मोड चालू ठेवला की क्वेरी सेव्ह होताच टाइप नव्याने तयार होतात.

समजा, ग्रंथालयाच्या अ‍ॅपची क्वेरी पुस्तकाचं शीर्षक आणि प्रकाशनवर्ष मागते. स्कीमात शीर्षकापुढे उद्गारचिन्ह आहे, म्हणजे ते रिकामं येणार नाही. वर्षापुढे ते नाही. ‘किती वर्षांपूर्वीचं’ हे काढायला चालू सालातून प्रकाशनवर्ष वजा केलं, की टाइपस्क्रिप्टच्या स्ट्रिक्ट मोडमध्ये लगेच लाल रेघ उमटते: हे नल असू शकतं. वर्ष नसलेल्या जुन्या पुस्तकाचं काय करायचं, हा प्रश्न कोड लिहितानाच समोर येतो. शिवाय टाइपमध्ये मागितलेलीच फील्डं असतात. न मागितलेलं पृष्ठसंख्येचं फील्ड वापरायला गेलात तर कंपायलर अडवतो. सर्व्हरने वगळलेलं फील्ड क्वेरीत राहिलं, तर खुद्द जनरेटरच एरर देऊन थांबतो.

या पहाऱ्याला मर्यादा आहे. टाइपस्क्रिप्टचे टाइप बिल्डबरोबर पुसले जातात. ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये त्यातलं काहीच उरत नाही. तपासणी होते ती बिल्डच्या वेळीच, म्हणून प्रत्येक बिल्डमध्ये आधी ताजा स्कीमा, मग जनरेटर, मग टाइपची तपासणी हा क्रम सक्तीचा ठेवावा. आणि सर्व्हरवाल्यांनी फील्ड एकदम काढू नये. आधी ते डेप्रिकेटेड, म्हणजे कालबाह्य, ठरवावं, वापर थांबला की मगच काढावं. दोन्ही बाजूंनी एवढी शिस्त पाळली, तर नाव बदलल्याची खबर ग्राहकाच्या तक्रारीतून नव्हे, बिल्डमधूनच मिळते.